स्पिरिटवरची खिचडी : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

माळ्यावर ट्रेकच्या गॅसची चार नळकांडी सापडली. चारही हलवली की आत थोडंसं खळखळतं. एकातही दोघांचा चहा होईल याची खात्री नाही आणि फेकूनही देता येत नाहीत. मागच्या हिवाळ्यात असल्याच एका नळकांड्याने रात्री नऊ वाजता मान टाकली. भाच्याने आणि मी कोरड्या मॅगीवर मसाला भुरभुरून जेवण उरकलं होतं.

लाकडं पेटवायची नाहीत, हे आधीपासून ठरलेलं. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा पट्टा १९८६ पासून अभयारण्य आहे. जिथे अभयारण्य नाही तिथेही दिवाळीनंतरच्या वाळक्या गवतात विस्तव करण्याची माझी छाती होत नाही.

म्हणून स्पिरिट. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दिव्याचं असतं तेच. काम काय करायचं ते आजच लिहून ठेवते, नाहीतर नंतर सोयीनुसार बदलेन : दोन माणसांचा चहा आणि दोन माणसांची मुगाची खिचडी, कमीत कमी इंधनात. चहा कुठल्याही दिव्यावर होईल. खिचडीला मंद आच लागते, आणि स्पिरिट एकदा पेटलं की मंद व्हायचं नाव घेत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात गेले. "ताई, पॉलिशला पाहिजे का?" "हो," म्हटलं. चूल करायची आहे हे समजावत बसले असते तर मागे रांग लागली असती. बाटलीतला द्रव फिकट जांभळा. मूळ माल आपल्याच उसाच्या मळीचा. कोणी पिऊ नये म्हणून त्यात विष आणि कडवट घाण मिसळलेली. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते बाटलीभोवती लाल चिकटपट्टी गुंडाळून वर 'विष' लिहिण्याचं. पाण्याच्या बाटलीत स्पिरिट भरणाऱ्यांसोबत मी ट्रेकला जात नाही. रात्री तहान लागलेला माणूस लेबल वाचत नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

स्पिरिटमध्ये पाणी किती आहे ते पाहिलं. शुद्ध इथेनॉल, म्हणजे स्पिरिटमधलं मुख्य अल्कोहोल, १०० मिलीला साधारण ७९ ग्रॅम भरतं, पाणी १००. चूक कमी व्हावी म्हणून ५०० मिली मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं आणि पाचाने भागलं : ८२ ग्रॅम. म्हणजे शंभरात आठ-नऊ भाग पाणी असावं. चालेल.

२०२० सालचं सॅनिटायझर अजून कपाटात आहे, तेही तोललं : ८६. बाटलीवर ८० टक्के लिहिलंय, ते बरोबर बसतं. गच्चीवर चमचाभर पेटवलं. जळालं, पण शेवटी डबीत पाण्यासारखा चिकट थर उरला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह करून दाखवला होता. तिथे चूलच त्या इंधनासाठी बनवलेली. माझ्या डबीला ते झेपणार नाही, सॅनिटायझर बाद.

वजनावरून पाणी कळतं, मिथेनॉल, म्हणजे त्यात असू शकणारं विषारी अल्कोहोल, कळत नाही, दोन्ही अल्कोहोलांची घनता जवळपास एकच. तेव्हा बंद खोलीत किंवा तंबूत पेटवायचं नाही, धुरावर नाक धरायचं नाही, आणि हाताला लागलं तर लगेच धुवायचं.

माझ्या स्पिरिटमधून ग्रॅममागे २३ किलोज्यूल धरते. अर्धा लिटर पाणी २६ अंशांवरून पुण्यातल्या उकळबिंदूपर्यंत, म्हणजे ९८ च्या आसपास न्यायला १५० किलोज्यूल. सगळी उष्णता पाण्यात गेली तर साडेसहा ग्रॅम पुरावेत. किती वाया जाते ते आता बघायचं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

थंड पेयाच्या दोन कॅनचे तळ. ब्लेड लाकडी ठोकळ्यात अडकवून ठोकळा ओट्यावर धरला आणि कॅन त्याच्या पात्यावर हलक्या हाताने फिरवला. दहा-बारा फेऱ्यांत पत्रा स्वतःहून सुटतो. जोर लावला की वाकडा फाटतो. पहिले दोन तळ असेच वाया गेले, तिसऱ्यापासून हात बसला. कडा पॉलिश पेपरने घासल्या. तरी अंगठा कापलाच.

रचना अशी : एक तळ खाली, दुसरा उलटा त्यात बसवलेला, मध्ये त्याच पत्र्याची उभी गोल पट्टी. पट्टीच्या खालच्या कडेला तीन खाचा. मधल्या डबक्यातलं स्पिरिट खाचांतून दोन भिंतींच्या फटीत जातं, तिथे तापून त्याची वाफ होते आणि वरच्या कडेच्या भोकांतून फुरफुरत बाहेर येते. स्वीडनच्या ट्रांजियाचा पितळी बर्नरही याच तत्त्वावर चालतो. ती कंपनी १९२५ ची, आणि वाऱ्याच्या आडोशासकट येणारी त्यांची प्रसिद्ध चूल १९५१ ची. पितळी बर्नर शंभर ग्रॅमच्या वर भरतो. माझा काट्यावर नऊ. पितळी बर्नरवर उभं राहिलं तरी त्याला काही होत नाही, हा फरक मात्र आहे.

जोडावर इपॉक्सी पुटी लावायचा मोह झाला. लावली. पहिल्याच जाळात काळी पडून भेगाळली आणि इतका घाण वास सुटला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या नमुन्यात काहीच लावलं नाही. आतल्या तळाची कड जराशी चेपून तो घट्ट बसवला, पुरेसं आहे.

सोळा भोकं, बोर्डपिनने. पूजेत पक्कड, कानस, काटा आणि अर्धवट चूल, सगळं मांडलं. बाबांनी झेंडूचं फूल चुलीवर ठेवून विचारलं, "ह्याला पंप कुठे आहे?"

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

हौस नडली. मसाला दूध गच्चीवर नव्या चुलीवर आटवायचं ठरवलं. पाणी तापवताना पातेल्यात जे चालतं ते दुधात चालत नाही हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी नव्याने कळलं. आच कमी करायला काहीच नाही. दूध उतू गेलं, थेट भोकांत. ज्योत विझली. थंड झाल्यावर पाहिलं तर सोळापैकी अकरा भोकं बुजलेली.

बाबा खाली जाऊन त्यांच्या जुन्या डब्यातून स्टोव्हची पिन घेऊन आले. पत्र्याच्या दांडीला बारीक तार लावलेली, रॉकेलच्या पितळी स्टोव्हच्या नळीत घालायची ती. माझ्या भोकांना नेमकी बसली. त्यांनी अकराही भोकं मोकळी केली आणि मग पाऊण तास काकडा, पंप आणि भडकलेला स्टोव्ह यांच्या गोष्टी. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून नळीखाली लावायचा, नळी तापेपर्यंत पंप मारायचा नाही. घाई केली की रॉकेलची वाफ होत नाही, तेलच उडतं आणि भडका. माझी चूलही पहिला अर्धा-पाऊण मिनिट तशीच आळशी जळते. आतलं स्पिरिट तापलं की मगच भोकांतून निळ्या ज्योती उठतात. म्हणजे हिचा काकडा हीच.

दूध शेवटी गॅसवर.

२० ऑक्टोबर, रविवार

आज खरं मोजमाप. अर्धा इंची जाळीचं नळकांडं केलं आणि बर्नर त्याच्या आत ठेवला, पातेलं वर. जाळीची एकेक ओळ कापत गेलं की पातेलं बारा-तेरा मिलिमीटरने खाली येतं. मोजपट्टीपेक्षा सोपं. जाळीवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून आधी गच्चीच्या कोपऱ्यात दोनदा नुसतीच जाळून घेतली, वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहून.

पद्धत : दरवेळी ३० ग्रॅम स्पिरिट, ५०० मिली पाणी, झाकण बंद. उकळी आली की पातेलं उतरवून बर्नरवर टोपण टाकायचं, गार झालं की तोलायचं.

बर्नर आणि पातेलं यांत एक ओळ अंतर : २३ ग्रॅम, अकरा मिनिटं. ज्योतीला हवाच मिळत नाही. डोळ्यांना झोंबणारा वास, म्हणजे अर्धवट जळतंय.
दोन ओळी : १९.
तीन ओळी, साधारण ३८ मिलिमीटर : १७, आठ मिनिटं.
चार ओळी : २१. ज्योत पातेल्याच्या कडेने वर निसटते.

तीन ओळींवर शिक्कामोर्तब. बुटकं रुंद पातेलं वापरलं की आणखी एक ग्रॅम वाचतो. उभट मगात उष्णता तळाला लागून बाजूने पळून जाते.

दुपारी उन्हात ज्योत दिसत नाही हे वाचून माहीत होतं, तरी विझली समजून हात घातलाच. मनगटावरचे केस गेले. यापुढे नियम : विझली वाटली तरी आधी टोपण, मग शंभरपर्यंत मोजायचं, मगच भरायचं. पेटत्या चुलीत बाटलीतून ओतायचं नाही, कितीही घाई असो. ज्योत धारेवरून चढून बाटलीत शिरते.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीचा फराळ संपल्यावर पुन्हा बसले. भोकांचा शोध : सोळा, चोवीस, बत्तीस. एकूण पाच चुली केल्या. चोवीस भोकांची दीड मिनिट लवकर उकळते आणि इंधन तेवढंच खाते. बत्तीसची फार जोरात जळते, ज्योत पातेल्याबाहेर, १९ ग्रॅम. एकात वातीच्या स्टोव्हची सुती वात आतून गोल बसवली. लवकर पेटते, पण स्पिरिट संपताना वातच जळून कोळसा होते.

सगळा शनिवार गेला. भोकं बदलून १७ चे १६ झाले नाहीत. भाचा म्हणाला, "मावशी, तू अजून एकदा भोकं पाडलीस तर ती चाळणी होईल."

२३ नोव्हेंबर, शनिवार, राजमाची

पहिली बाहेरची परीक्षा. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, म्हणून लोकलचा विचारच नाही. स्कूटरने लोणावळ्यापर्यंत, तिथून चालत. आज विधानसभेची मतमोजणी, म्हणजे ड्राय डे. माझ्या सॅकमध्ये मात्र अर्धा लिटर अल्कोहोल. वाटेत भेटलेला प्रत्येकजण रेंज शोधत फोन वर धरून उभा.

किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीत ओळखीच्या घरी उतरलो. त्यांच्या अंगणात, मातीवर, भोवतीचं गवत झाडून चूल मांडली. आडोसा म्हणून तीन दगड. संध्याकाळी मनरंजन बालेकिल्ल्याच्या बाजूने वारा सुटला, फार नाही, पदर उडेल इतकाच.

३० ग्रॅम जळून गेले, पाणी ५८ अंश. चूल गार होईपर्यंत थांबले, पाणीही बरंच निवलं. आणखी ३० ग्रॅम. पाणी ७१ वर अडलं. ज्योत आडवी होऊन दगडांना तापवत होती, पातेलं सोडून.

घरच्या आजी मघापासून उंबऱ्यातून बघत होत्या. "पोरी, एवढ्याशा दिव्यावर काय रांधतीस? आण इकडं ते भांडं." चुलीत दोन काटक्या सारल्या, चार मिनिटांत आधण. वर, "तुझं ते औषध जपून ठेव, पाय दुखले तर चोळायला होईल." चोळायचं नाही, विषारी आहे, हे समजावलं. पटलेलं दिसलं नाही. बाटली रात्री सॅकमध्ये आत ठेवली.

६० ग्रॅम आणि कोमट पाणी. महिनाभर भोकं मोजली आणि वारा मोजलाच नव्हता.

७ डिसेंबर, शनिवार

आता फक्त आडोसा. पत्र्याच्या दुकानातून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी आणली, पातेल्याच्या पाऊण उंचीपर्यंत येईल अशी. गोल वाकवून टोकं एकमेकांत अडकवली. खालच्या कडेला कागदाला पाडायच्या पंचने भोकांची ओळ, हवा तिथून आत येईल.

गच्चीवर टेबलफॅन लावला, दोन नंबरवर, अडीच मीटर लांब. आडोसा नसताना २८ ग्रॅममध्ये उकळी नाहीच. आडोसा लावून १६.

मग वाटलं, आणखी घट्ट केलं तर आणखी वाचेल. पातेल्याभोवती जेमतेम तीन मिलिमीटर फट ठेवली. चार मिनिटं छान, मग आवाज बदलला. आडोशाने परतवलेली उष्णता बर्नरवरच येत होती, डबक्यातलं स्पिरिट आपोआप उकळायला लागलं, आणि एकदम वीतभर ज्योत फटीतून वर. झाकणाची प्लास्टिकची मूठ वितळून लोंबली. बादलीभर पाणी जवळ होतं. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी टाकलं की विझतं, रॉकेलसारखं वर तरंगत पेटत राहत नाही. पण अर्धा ग्लास टाकला तर नुसतं पेटतं स्पिरिट पसरेल. बादलीच हवी.

आणि गवतावर हे झालं असतं तर, हा विचार रात्रभर.

१५ डिसेंबर, रविवार

फट दहा मिलिमीटर. भोकं फक्त वाऱ्याकडच्या अर्ध्या भागात, मागची बाजू बंद. बर्नरखाली पालथी फरशी, म्हणजे जमीनही वाचते आणि थंडीत बर्नरला जमिनीचा गारठाही लागत नाही. फॅन चालू ठेवून सलग तीनदा : १४, १५, १४ ग्रॅम. सात मिनिटं.

१४ ग्रॅमचे ३२२ किलोज्यूल, त्यातले १५० पाण्यात. म्हणजे शंभरातले सत्तेचाळीस. पहिल्या मोजणीत, २३ ग्रॅमला, अठ्ठावीस होते. चाळीस रुपयांची पत्रापट्टी.

२२ डिसेंबर, रविवार

खिचडी. मंद आचेसाठी कॅनच्या तळाची टोपी केली, मध्ये रुपयाएवढं भोक. ती चिमट्याने बर्नरवर ठेवली की कडेच्या ज्योती बंद, मधोमध एक छोटी ज्योत उरते. चालते, पण ठेवताना दरवेळी धडधडतं, आणि अर्ध्या वेळा चूलच विझते.

बाबांनी सुचवलं, "गुंडाळून ठेव की. तुझी आजी रॉकेलच्या टंचाईत वरणाचं पातेलं गोधडीत घालून ठेवायची."

एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, अर्धा तास भिजवून. पाणी, हळद, मीठ, हिंग. उकळी, मग तीन मिनिटं झाकण ठेवून खदखदू दिलं, आणि पातेलं टॉवेलात, टॉवेल जुन्या स्वेटरात, सगळं सॅकमध्ये. चाळीस मिनिटांनी उघडलं. डाळ बोटाने चिरडली जाते, तांदूळ फुललेला, हात लावला तर चटका बसतो. तुपाची फोडणी फक्त राहिली. एकूण २१ ग्रॅम. टोपी खणात टाकली.

न भिजवता केली तर डाळ दाताखाली येते. तूरडाळ या पद्धतीने होत नाही, दोनदा पाहिलं.

११ जानेवारी २०२५, शनिवार, रतनवाडी

अमृतेश्वराचं दर्शन घेऊन गावातल्या एका ओट्यावर मुक्काम. थंडी चांगलीच, हांड्यातलं पाणी १४ अंश. धरणाच्या बाजूने सपाट, सलग वारा, राजमाचीपेक्षा जास्त. मनासारखी परीक्षा.

सॅक उघडली तर चूल चपटी. वाटेत भाचा सॅकवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. नऊ ग्रॅमची वस्तू, तिचा काय दोष. "मावशी, सॉरी," एवढंच बोलला आणि शहाण्यासारखा लाकडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

जाळी आणि आडोसा शाबूत होते. डब्यात चटणीची छोटी स्टीलची वाटी होती, सहा सेंटिमीटर तोंडाची. चटणी पोळीवर काढून घेतली, वाटी पुसली, त्यात ३० ग्रॅम स्पिरिट. ना दोन भिंती, ना खाचा, ना भोकं. फरशीऐवजी सपाट दगड, वर वाटी, भोवती जाळी, पातेलं, आडोसा. पाण्याची बादली ओट्याखाली. काडी लावली.

पिवळसर, आळसावलेली ज्योत. नऊ मिनिटं लागली, पण उकळली. उरलेलं मोजण्याच्या नळीत ओतून हिशोब केला : १८ ग्रॅम.

पाणी गार होतं म्हणून तुलना सरळ नाही. १४ अंशांपासून तापवायला १७४ किलोज्यूल लागतात, तेव्हा माझ्या चोवीस भोकांच्या चुलीलाही सोळाच्या वर लागले असते. फरक दोन ग्रॅमचा. भाच्याला हा हिशोब सांगितला. तो काही न बोलता चहा पीत राहिला, त्याच्या बाजूने तेच बरं.

मग खिचडी. उकळी, तीन मिनिटं, स्वेटर, झोपायची पिशवी. बाहेर लख्ख चांदणं, आम्ही पातेल्याला टेकून बसलो कारण तीच काय ती गरम वस्तू होती. पन्नास मिनिटांनी उघडली. घरच्या मालकांनी लोणचं दिलं. एकूण २७ ग्रॅम.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी चहाला २० ग्रॅम. काल वाऱ्याकडची भोकं चुकून मागे फिरली होती ते उजेडात कळलं, आज सरळ केली, तरी दोन ग्रॅम जास्तच. पहाटे पाणी ११ अंश होतं.

दोन माणसं, एक रात्र, चहा दोनदा आणि खिचडी एकदा : ६५ ग्रॅम, म्हणजे ८० मिली. पुढच्या वेळी शंभर मिलीची बाटली न्यायची. अर्धा लिटर वाहून नेण्यात अर्थ नाही.

करायची कामं : आडोशाच्या टोकांना जास्त चांगली अडकवण, वितळलेल्या मुठीच्या जागी लाकडी. चपटी चूल भंगारात. वाटीत विषारी स्पिरिट जळलंय, ती आता जेवणात परत घ्यायची नाही. घरी आल्याबरोबर तळाला खिळ्याने फुली मारली आणि स्टोव्हच्या पिनेशेजारी बाबांच्या डब्यात ठेवली.